सभासद क्रमांक दोनशे चौदा

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली ती ओळ कुंदाने तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचत असताना डाळ उतू गेली आणि गॅस विझला, पण तिला त्याचा पत्ता नव्हता.

'दमतात सगळेच. बाळ, तू अजून लहान आहेस. मोठं झाल्यावर तुला हे आपोआप कळेल. — ८७.'

"मी लहान?" कुंदा डाळीच्या पातेल्याकडे बघून म्हणाली. "मी बाळ?"

कुंदा साटम सव्वीस वर्षांची होती. तिला एक नवरा होता, एक सासू होती आणि चौदा महिन्यांचा एक मुलगा होता. गेल्या चौदा महिन्यांत ती सलग चार तास झोपली होती ती फक्त एकदा, तेही तापाची गोळी घेतल्यामुळे. अशा बाईला बाळ म्हणणारा हा सत्त्याऐंशी स्वतःला समजतो कोण? पण खरी आग वेगळ्याच गोष्टीची होती. तिला खाली उत्तर लिहिता येत नव्हतं की बाबा रे, मी लहान नाही. कारण वाचनालयाच्या हिशेबी दोनशे चौदा म्हणजे कुंदा नव्हतीच. दोनशे चौदा म्हणजे चंद्रप्रकाश जयवंत साटम. आणि तो त्या वेळी ओट्याखाली बसून कांद्याचं साल खात होता.

हे झालं होतं असं. चारकोपला वस्ती नवी होती. घरं उठली होती, नळ बसले होते, पाणी तेवढं यायचं होतं. त्यातल्या त्यात लवकर आलेली सोय म्हणजे पिठाच्या गिरणीशेजारच्या गाळ्यातलं मैत्री वाचनालय. ते श्यामकांत कर्णिक चालवत. दिवसा बँकेत, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात इथे. मागच्या मे महिन्यात बालविभागातली सगळी पुस्तकं मोठ्या माणसांनीच नेऊन दाबून ठेवली आणि सुट्टी लागलेल्या पोरांच्या वाट्याला 'मधुमेह आणि आहार' एवढंच उरलं, तेव्हा कर्णिकांनी पाटी लावली : बालविभागातील पुस्तके फक्त बालसभासदांना मिळतील.

कुंदा त्या गाळ्यात पहिल्यांदा शिरली ती दळण व्हायची वाट बघताना, उभं राहायला जागा हवी म्हणून. समोर 'सावलीबंदर, भाग पहिला' होता. त्या बंदरावर मूल जन्मलं की त्याची सावली राजाच्या तळघरात जमा करायची, असा कायदा होता. तेरा वर्षांची रेवा आपली सावली सोडवायला निघते. एवढं वाचून होईतो दळण झालं होतं, आणि कुंदाला घरी जाववेना.

"हे मला मिळेल का?"

"तुम्हाला नाही मिळणार," कर्णिक म्हणाले. "घरात मूल आहे का?"

"आहे की."

"मग त्याचं कार्ड काढा."

अर्जावर नाव होतं, पत्ता होता, पालकाची सही होती. वयाचा रकाना कर्णिकांनी ठेवलाच नव्हता. बालविभागात बालकंच येणार हे त्यांच्या दृष्टीने उघड होतं. तेव्हा कुंदाने एका अक्षराचीही लबाडी केली नाही, असं ती स्वतःला पुढे बरेच दिवस सांगत असे.

कर्णिकांची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ते एक रेघी कागद खळीने चिकटवत आणि वर लाल शाईने 'अभिप्राय' असं लिहीत. पुस्तक परत करताना वाचकाने त्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहायच्या. खाली नाव घालायचं नाही, फक्त सभासद क्रमांक. पूर्वी नावं घालत असत, पण एका भुताच्या गोष्टीवरून सेक्टर तीनमधल्या दोन घरांचं बोलणं बंद झालं, तेव्हापासून क्रमांक.

कुंदा वाचायची ती चंदूला पाजताना, पुस्तक गुडघ्यावर टेकवून, हनुवटीने पान उलटत. चंदू दुपारी मांडीवर झोपायचा तेवढ्या पाऊण तासात. पाणी येईल म्हणून एका हाताने नळाखाली बादली धरून बसल्यावर. पहिले तीन भाग तिने असे संपवले आणि प्रत्येकाच्या शेवटी अभिप्राय लिहिला, मुद्दाम गोल आणि मोठं अक्षर काढून, लहान मुलाचं वाटावं म्हणून. चंदू कोपराला लोंबकळत असल्यामुळे ते अक्षर जरा थरथरायचंही.

चौथ्या भागात रेवाच्या आईची हकिकत होती. रेवा तीन वर्षांची असताना आईने तिला होडीत बसवलं, दीपगृहाच्या राखणदाराकडे पाठवून दिलं, आणि स्वतः डोंगराकडे निघून गेली ती दहा वर्षं परत आलीच नाही. का गेली हे लेखकाने पाचव्या भागासाठी राखून ठेवलं होतं. त्याखाली सत्त्याऐंशीने लिहिलं होतं :

'रेवाची आई स्वार्थी आहे. तीन वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच्या गळ्यात टाकून कुणी जाते का? लेखकाने तिला शिक्षा करायला हवी होती. — ८७.'

कुंदाने ते वाचलं आणि तिची कानशिलं तापली. तिने पेन्सिलीला टोक काढलं.

'आई स्वार्थी नाही. ती दमली होती. तीन वर्षे तिला एकही रात्र झोप नाही (पान ४२ पाहावे). जाण्याआधी तिने होडीत गोधडी अंथरली आणि कंदील ठेवला. स्वार्थी माणूस कंदील ठेवत नाही. — २१४.'

पुढच्या आठवड्यात तिने तेच पुस्तक पुन्हा आणलं, तर खाली उत्तर आलं होतं ते हे. बाळ, तू अजून लहान आहेस.

"काय गो, सगळी डाळ खाली गेली," वनमालाबाई, तिच्या सासूबाई, दारात येऊन म्हणाल्या. मालवण सोडून त्यांना पस्तीस वर्षं झाली होती, मालवणीने मात्र त्यांना सोडलं नव्हतं. "लक्ष खंय आसा तुजा?"

"एका माणसाने पुस्तकात मला वाटेल ते लिहिलंय."

"पुस्तकात लिवला तर आमका मास्तर मारीत," वनमालाबाई म्हणाल्या आणि फडकं आणायला वळल्या.

रात्री जेवताना कुंदाने जयवंतला सगळं ऐकवलं. जयवंत साकीनाक्याला प्लॅस्टिकची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होता. दिवसभर झाकणं मोजून आलेल्या माणसाला सावलीबंदरात शिरायला वेळ लागतो.

"थांब थांब. ही आई म्हणजे कोणाची?"

"रेवाची रे."

"आणि तो सत्त्याऐंशी?"

"तो वाचक. मला खात्री आहे, कुणीतरी पेन्शनर आहे. सहावी-सातवीतलं मूल 'आपोआप कळेल' असं लिहील का? नातवाच्या कार्डावर चोरून पुस्तकं नेतो. लाज नाही वाटत या वयात. मुलांची पुस्तकं आहेत ती."

जयवंतने घास हातातच धरून तिच्याकडे बघितलं.

"काय?" कुंदा म्हणाली.

"काय नाय. आमटी वाढ."

तिने चौथा भाग पुन्हा आठवड्यासाठी घेतला, निव्वळ उत्तर द्यायला. 'तुम्ही कधी मूल सांभाळले आहे का?' असं तिने विचारलं. पुढच्या खेपेला खाली उत्तर होतं, 'सांभाळले आहे. त्यात दमण्यासारखे काही नसते.' ते वाचून कुंदाने जे लिहिलं त्याला रेघी कागद पुरला नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही मजकूर गेला. मूल आजारी असतं तेव्हा काय होतं, बरं असतं तेव्हा काय होतं, आणि झोपतं तेव्हा आई झोपत का नाही, हे सगळं तिने थरथरत्या गोल अक्षरात क्रमाने मांडलं. शेवटी लिहिलं, 'हे कळायला मोठे व्हावे लागत नाही. जवळ असावे लागते. — २१४.'

चौथा भाग परत करून आठवड्याने, सोमवारी, ती दुसरं पुस्तक द्यायला गेली तेव्हा कर्णिकांनी तिला स्टूल दिलं. कर्णिक कुणाला स्टूल देत नसत.

"साटम वहिनी, एक विचारू? राग नाही ना यायचा?"

"विचारा की."

"चंद्रप्रकाशचे अभिप्राय मी काल वाचनालयाच्या कमिटीत वाचून दाखवले. आईबद्दल इतकं..." त्यांनी चष्मा सारखा केला. "तो स्वतः कधी येत नाही इथे."

"नाही, तो घरीच असतो."

"शाळा?"

"शाळेत नाही घातलेलं."

कर्णिकांनी मान हलवली. "चालता येतं त्याला?"

"धरून धरून. चार पावलं टाकतो, मग बसतो."

"आणि बोलणं?"

"दोन-चार शब्द. पण समजतं हो त्याला सगळं."

"लिहिताना हात धरावा लागत असेल."

"धरावाच लागतो," कुंदा कळवळून म्हणाली, कारण त्याच सकाळी तिची तशी झटापट झाली होती. "नाहीतर पेन्सिल सरळ तोंडात."

कर्णिकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग ते म्हणाले, "सावलीबंदरचा पाचवा भाग शनिवारी येतोय. शेवटचा. एकच प्रत आहे, अकरा मुलं थांबलीत त्याच्यासाठी. पण पहिला मान चंद्रप्रकाशचा. तुम्ही न्यायची नाही, रविवारी आम्हीच घरी घेऊन येणार. कमिटी येईल. सत्त्याऐंशीसुद्धा येणार आहे. तिलाही भेटायचंय."

यातलं 'तिला' कुंदाच्या कानाबाहेरच राहिलं. तिच्या कानात फक्त 'पाचवा भाग' शिरला होता. कर्णिकांना काय वाटलं असावं हे तिच्या ध्यानात आलं ते गिरणीपाशी, पिठाचा डबा डोक्यावर घेताना, आणि तिने डबा पुन्हा खाली ठेवला. तशीच मागे फिरून खरं सांगावं, असं तिला मनापासून वाटलं. ती दोन पावलं मागे गेलीसुद्धा. पण खरं सांगितलं की कार्ड जाणार, पाचवा भाग जाणार, आणि ती आई डोंगराकडे का गेली हे तिला जन्मात कळणार नव्हतं. तिने डबा उचलला आणि घर गाठलं.

शनिवारपर्यंत तिने ते पोटात ठेवलं. शनिवारी जयवंतला सांगितलं.

"वाट लागली," जयवंत म्हणाला. आधी तो पाच मिनिटं हसला होता. "कमिटी येणार? इथं?"

"अकरा वाजता."

"सांग पोरगा मामाकडे गेला म्हणून."

"मग पुस्तक कुणाला देतील?"

"तुला पुस्तकाचं पडलंय?"

"मग कशाचं पडायला हवं, ते तरी सांग."

रविवारी दहा वाजता जयवंत बांगडे आणायला म्हणून बाहेर पडला आणि साडेबारापर्यंत त्याला बांगडे मिळाले नाहीत.

अकराच्या ठोक्याला कर्णिक आले. इस्त्रीचा शर्ट, हातात तपकिरी कागदात बांधलेलं पुस्तक. त्यांच्यामागे कमिटीचे अध्यक्ष राजाराम घाग, कापडगिरणीतून निवृत्त झालेले, पुढे संपात गिरणीही निवृत्त झाली. त्यांनी काखेत प्लायवूडची एक घोडी आणली होती, पुस्तक हातात न धरता वाचता यावं म्हणून घरी करवतून, पॉलिश करून आणलेली. कडा कुठे लागू नयेत म्हणून त्यांनी त्या घासून गोल केल्या होत्या. ते बघून कुंदाला जमिनीत जावंसं वाटलं. आणि सगळ्यांच्या मागे दोन वेण्या घातलेली, चष्म्याची एक मुलगी. कुंदाने तिच्या डोक्यावरून पलीकडे रस्त्यावर नजर टाकली. पेन्शनर कुठे दिसेना.

"बसा ना," ती म्हणाली. "मी चहा टाकते."

"चहा राहू द्या. आधी चंद्रप्रकाश."

कुंदाने खरं सांगायला तोंड उघडलं. तीन वाक्यं तिने पाठ करून ठेवली होती. पण वनमालाबाई आतून पदर सावरत आल्या.

"चंद्रप्रकाश? आसा की. थांबा, शी धुऊन हाडतंय."

कर्णिकांनी गंभीरपणे मान खाली घातली. मग दाराच्या चौकटीला धरून चंदू बाहेर आला. अंगात फक्त झबलं. चौकट सोडून त्याने एक, दोन, तीन, चार पावलं टाकली आणि बसला.

कर्णिक हसले. "हा धाकटा वाटतं."

"धाकटो कसलो? ह्योच चंद्रप्रकाश. दुसरो खंयसून हाडू?"

चंदू म्हणाला, "बा." मग रांगत कर्णिकांच्या पायाशी गेला, त्यांच्या पँटला धरून उभा राहिला, खिशातली पेन्सिल काढली आणि सरळ तोंडात घातली.

शेजारच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. कर्णिक एकेक गोष्ट मनात पडताळून पाहत असावेत. चार पावलं, दोन शब्द, पेन्सिल. सगळं बरोबर जुळत होतं.

"वहिनी," ते अखेर म्हणाले, "मी कमिटीत रडलो."

"मी पण जरासा," राजाराम घाग म्हणाले.

"मी खोटं काहीच बोलले नाही हो," कुंदा म्हणाली.

"तेच तर. खोटं बोलला असतात तर एवढं वाईट वाटलं नसतं."

"पण रडलास कित्याक?" वनमालाबाई पुढे झाल्या. "माझ्या नातवाक झाला काय?"

राजारामांनी भाबडेपणाने सांगून टाकलं की त्यांना वाटलं होतं पोरगं अपंग आहे. त्यानंतरची पाच मिनिटं वनमालाबाईंची होती. धडधाकट पोराबद्दल असं बोलणाऱ्यांच्या जिभेला काय व्हावं हे त्यांनी सांगितलं, मग मीठमोहऱ्या आणायला आत गेल्या आणि चंदूची दृष्ट काढता काढता त्यातल्या चार मोहऱ्या त्यांनी अध्यक्षांच्या दिशेने झटकल्या.

या गडबडीत कुंदाने हळूच विचारलं, "आणि ते सत्त्याऐंशी क्रमांक? ते नाही आले?"

"मीच," चष्म्याची मुलगी म्हणाली. "माणिक वर्दे."

"तू?"

"हो."

"कितवीत आहेस?"

"सहावीत."

"आणि तू मला बाळ म्हणालीस?" कुंदाचा आवाज चढला. "'मोठं झाल्यावर कळेल' हे तू लिहिलंस? मला?"

"मला वाटलं तुम्ही लहान आहात," माणिक म्हणाली. तीही काही कमी चिडलेली नव्हती. "नवीन सभासद, अक्षर असं वेडंवाकडं. म्हटलं कळत नसेल, म्हणून मी नीट समजावून सांगत होते. तुम्ही तर मोठ्या आहात. मोठ्या असून तुम्हाला असं वाटतं?"

"मोठी आहे म्हणूनच वाटतं."

"वर मुलांच्या विभागातली पुस्तकं नेता."

कर्णिकांनी कुंदाकडून कार्ड मागून घेतलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि पट्टी नसतानाही अगदी सरळ रेघ ओढून दोनशे चौदा रद्द केला. "नियम आहे, वहिनी. अकरा मुलं थांबलीत." मग तपकिरी कागदातलं पुस्तक त्यांनी माणिकच्या हातात दिलं. कुंदाने त्याचं मुखपृष्ठसुद्धा पाहिलं नव्हतं. राजाराम जाताना दारात घोटाळले आणि घोडी भिंतीशी टेकवून म्हणाले, "ही राहू द्या. पोरगं मोठं होईल तेव्हा वाचेल."

सगळे गेल्यावर कुंदाने भाकऱ्या थापल्या, आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या फार पातळ झाल्या. तिला कर्णिकांवर चिडायचं होतं, त्या वेण्यांवर चिडायचं होतं, बांगड्यांवर चिडायचं होतं. पण चूक तिचीच होती. हक्क नसताना चिडणं फार दमवतं. संध्याकाळपर्यंत ती गळून गेली.

"दुसऱ्या लायब्ररीत जा की," जयवंत म्हणाला. "कांदिवलीला आहे ना स्टेशनपाशी."

"तिथे पुस्तक असेल रे. पण माझ्याशी भांडणारं कोण असेल?"

जयवंतने त्या जागेसाठी स्वतःचं नाव सुचवायचं नाही असं ठरवलं.

गुरुवारी दुपारी साडेतीनला दार वाजलं. वनमालाबाई शेजारच्या शेवंतीमावशीकडे भजनाला गेल्या होत्या. चंदू नुकताच उठला होता आणि झोपेतून उठल्याबद्दल जगाला दोष देत होता. दारात माणिक उभी होती, शाळेच्या गणवेशात, छातीशी पुस्तक धरून.

"काकू, मी वाचलं. माझंच बरोबर होतं."

"बरं झालं," कुंदा म्हणाली. "जा घरी."

माणिक हलली नाही. "मी अभिप्राय लिहिला. दीड पान. पण खाली लिहिणार कोण? मी बाकीच्या पुस्तकांतही बघितलं. सगळे नुसतं 'छान आहे' लिहितात. 'छान आहे', 'छान आहे', 'छान आहे'. एकाने 'ठीक' लिहिलंय. मी कर्णिककाकांना विचारलं, तुम्ही त्यांचं कार्ड का रद्द केलंत, आता मी कुणाशी बोलू? ते म्हणाले, नियम." बोलता बोलता तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "मला काय मिळालं यात? तुम्ही वाचा. वाचा आणि कबूल करा. शनिवारी मला परत द्यायचंय."

कुंदाने पुस्तकाकडे बघितलं. मुखपृष्ठावर तळघराचा दरवाजा होता, किंचित उघडा. "हा जागा आहे गं. जागा असताना नाही वाचता येत."

"मी बघते त्याला."

"तू?"

"मला येतं. आमच्या शेजारच्या बाळाला मी नेहमी घेते."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं," माणिक म्हणाली. "कधी कधी पंधरा."

कुंदाने समजावून सांगत बसण्याऐवजी चंदूला तिच्याकडे दिलं. ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं, तांदळाच्या डब्यावर बसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच पुस्तकाला तिचे दोन्ही हात लागले होते. पानं हनुवटीशिवाय उलटत होती. बाहेरून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग "अरे नको ना", मग चंदूचं हसणं, मग बरंच काही एकदम पडल्याचा आवाज. दोनदा कुंदा अर्धी उठली. दोन्ही वेळा रेवा तळघराच्या पायऱ्या उतरत होती, आणि कुंदा पुन्हा बसली.

एकशे बाराव्या पानावर रेवाला आई भेटली. राजाच्या डोंगरातल्या तळघरात, हजारो सावल्यांच्या मधोमध. आई स्वतःची सावली बघायला आली होती, एकदाच, लांबून. जन्मल्यापासून तिने ती पाहिलीच नव्हती. तिला ती सापडली, आणि ती इतकी सुंदर होती की आई तिच्यासमोर बसून राहिली. कुणी तिला कोंडलं नव्हतं, कुणी शाप दिला नव्हता. ती नुसती बघत बसली होती.

बघ गं बाई, कुंदा मनात म्हणाली, बघ पोटभर. तिने डोळे पुसले, पान उलटलं, आणि तिच्या लक्षात आलं की लेखकाने दहा वर्षांचा हिशेब दिलाच नव्हता. म्हणजे दहाच्या दहा वर्षं ती बसूनच होती. होडीतल्या पोरीचे दात पडले, नवे आले, तिला गोवर निघाला, ती पोहायला शिकली, आणि ही बसली आहे. कुंदाचे पुसलेले डोळे कोरडे झाले. मग त्यांत अंगार आला. उरलेली वीस पानं तिने भांडणाच्या तयारीनेच वाचली, आणि शेवटचं पान संपताच दार ढकलून बाहेर आली.

"दहा वर्षं!" ती म्हणाली. "अगं, तासभर बघायचं, डोळे भरून घ्यायचे, आणि घरी यायचं. तास पुरे झाला असता बाईला. स्वार्थी आहे ती. मी कबूल करते. पक्की स्वार्थी आहे."

उत्तर आलं नाही. बाहेरच्या खोलीत घोडी उलटी पडली होती आणि तिच्या चारी बाजूंना मुरमुरे होते. उशीतला कापूस बाहेर होता. माणिक भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिची एक वेणी सुटली होती, गणवेशावर पाणी सांडलं होतं, आणि चष्मा चंदूच्या मुठीत होता. चंदू तिच्या मांडीवर गाढ झोपला होता. ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

"ऐकलंस का?" कुंदा म्हणाली. "तू म्हणत होतीस तेच बरोबर. स्वार्थी."

"हळू बोला, काकू," माणिक ओठ न हलवता म्हणाली. "आत्ता झोपलाय. आत्ता." तिने मागे भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. "दमली होती हो ती."

"दमली होती म्हणून दहा वर्षं?"

माणिकने एक डोळा उघडून चंदूकडे पाहिलं.

"मला विचाराल तर कमीच आहेत," ती म्हणाली.